उसातला शेजारी

आमच्या वस्तीवर दिवेलागण घड्याळाप्रमाणे होत नाही. शिवनेरीच्या मागे सूर्य उतरू लागला की आई शेळ्या गोठ्यात घेते, अण्णा गोठ्याच्या जाळीची कडी दोनदा ओढून बघतात, आजी अंगणातली बाज पडवीत आणायला लावते आणि धाकटी बहीण कुठवर आली याची फोनवर चौकशी सुरू होते. मी लहान असताना उन्हाळ्यात सगळे घर अंगणात झोपायचे. आता अंगण संध्याकाळी सहानंतर आमचे राहत नाही.

जुन्नर आणि आंबेगावच्या पूर्व भागातल्या बहुतेक मळ्यांत हीच दिनचर्या आहे. पुण्यात शिकत असताना मित्र विचारायचे, ‘तुमच्याकडे खरंच बिबट्या दिसतो का?’ त्यांना एखादा थरारक प्रसंग हवा असायचा. मला मात्र सांगावेसे वाटायचे ते घराबद्दल. एका प्राण्यामुळे घरातल्या माणसांच्या वेळा कशा बदलतात, कोणाच्या बाहेर जाण्यावर आधी बंधन येते, सोयरीक जुळवताना कोणते प्रश्न विचारले जातात, हे बातमीत येत नाही. शिक्षण संपवून गावी परतल्यावर या विषयावर जे वाचले आणि घरात जे पाहिले, ते इथे एकत्र मांडतो आहे.

पाण्यामागून ऊस, उसामागून बिबट्या

आजीचे माहेर पश्चिमेकडे, घोड नदीच्या खोऱ्यात. डिंभे धरणात त्या भागातली गावे गेली. तालुक्याला ज्याच्यावरून नाव पडले ते जुने आंबेगावही पाण्याखाली गेले. आजीच्या माहेरची जमीन त्याच पाण्यात आहे, आणि गंमत अशी की तेच पाणी कालव्याने पूर्वेला येऊन तिच्या सासरच्या टापूत ऊस पिकवते.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पातली पाच धरणे. त्यांच्या कालव्यांनी जुन्नर-आंबेगावबरोबरच शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा इथपर्यंत पाणी नेले. जिथे बाजरी, मटकी, हुलगा व्हायचा तिथे ऊस आला. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावमध्ये भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. टोमॅटोचा भाव नारायणगावच्या बाजारात सकाळी एक तर दुपारी दुसरा असतो. उसाचे तसे नाही. उशिरा का होईना, पैसे येणार हे ठाऊक असते. म्हणून अण्णा म्हणतात, ‘टोमॅटोवर गाडी घ्यावी, पण पोरीचं लग्न उसावर धरावं.’

बिबट्याच्या बाजूने पाहिले तर ऊस म्हणजे दाट आडोसा, आत गारवा आणि जवळ पाणी. अडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तोडणीला सोळा-अठरा महिने लागतात. बिबट मादीचा गर्भकाळ तीन महिन्यांच्या आसपास असतो आणि पिल्ले दीड-दोन वर्षे आईबरोबर राहतात. म्हणजे एका लागणीच्या उसात पिल्ले जन्मून चांगली हिंडती-फिरती होतात. खोडवा ठेवला तर तोच फड पुन्हा उभा राहतो. भक्ष्यही हाताशी असते: भटकी कुत्री, डुकरे, शेळ्या, वासरे, आणि पोल्ट्रीवाल्यांनी ओढ्यात टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या.

‘जंगल तुटलं म्हणून बिबट्या गावात आला’ हे वाक्य आपण सगळेच वापरतो. आमच्या भागापुरते ते अपुरे आहे. इथल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. त्यांना भीमाशंकरचे जंगल कधी दिसलेलेही नाही. ते पाहुणे नाहीत. शेजारच्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीच्या टापूत कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. हे अभयारण्य नव्हते; माणसांनी भरलेली बागायत होती. तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला तेव्हा मोठा वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि त्यातही कुत्र्यांचा, निघाला. आमच्या दारातून गेलेल्या तीन कुत्र्यांचा हिशेब मला तेव्हा लागला.

पिंजऱ्याचे गणित

वस्तीवर बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. ती मी स्वतः केलेली आहे, आणि पुन्हा वेळ आली तर करीन. पण पिंजऱ्याने नेमके काय होते, याचा धडा देशाला आमच्याच तालुक्याने दिला आहे.

जुन्नर वनविभागात २००१ च्या फेब्रुवारीपासून वस्तीजवळचे बिबटे धरून लांबच्या जंगलात सोडण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. हेतू चांगलाच होता. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे या मोहिमेचा हिशेब मांडला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. मोहीम सुरू झाल्यावर २००१ ते २००३ मध्ये ते सरासरी सतरावर गेले. पकडणे, पिंजरा, गर्दी, प्रवास हे सगळे सोसून बिबट्या अनोळखी मुलखात उतरतो. तिथे आधीच दुसरे बिबटे असतात. माणूस कुठून येतो-जातो, लपायला जागा कुठे, हे त्याला माहीत नसते. त्यामुळे जिथे त्याला सोडले त्या भागात हल्ले वाढले. इकडे रिकाम्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या येऊन राहिला.

सोडलेला बिबट्या सोडल्या जागी थांबत नाही, हेही कळले आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याच्या गळ्यात संशोधकांनी यंत्रपट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव ठेवले होते ‘आजोबा’. हे आजोबा महामार्ग, रेल्वेमार्ग आणि खाडी ओलांडून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचले. वाटेत त्यांनी कोणाही माणसाला इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने ते मेले. त्यांच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही आला.

मग पकडलेल्या बिबट्यांचे काय करायचे? जुन्नरजवळ माणिकडोहला वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून बिबट निवारा केंद्र चालवतात. पण निवाऱ्याला भिंती आहेत आणि उसाला नाहीत. ऊसतोडीत सापडलेली पिल्ले त्याच जागी, क्रेटमध्ये ठेवून, रात्री आईच्या ताब्यात देण्याची पद्धत इथे रुळली आहे. गावातल्या अनेकांना हे कौतुक अनाठायी वाटते. त्यामागचे कारण मात्र साधे आहे: पिल्ले हरवलेली मादी चवताळून तोच परिसर धुंडाळत राहते.

हे सगळे वाचून मी एकदा घरी बोललो. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘बरोबर असंल तुझं. पण ज्याचं पोर गेलं त्याच्या दारात जाऊन हे वाचून दाखवशील?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. या टापूत माणसे गेली आहेत, त्यांत अंगणातून उचललेली लहान मुलेही आहेत. सरकार मृताच्या वारसांना भरपाई देते. पण त्या घरापुढे आकडेवारी बोलू नये, एवढे मला अण्णांच्या प्रश्नाने शिकवले.

रात्रीची वीज, बहिणीचा क्लास

तरीही बोलावे लागते, कारण धोक्यातला मोठा भाग बिबट्याने ठरवलेला नाही. शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की अण्णा बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेली गाणी घेऊन दारं धरायला जातात. ओळीत पाणी पोहोचले की वाकून दारे मोडायचे, पुढचे उघडायचे. वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासू शकतो, असे वनविभागाचे लोक सांगतात. नेमके तेच काम अंधारात करायची वेळ शेतकऱ्यावर येते. अण्णा परत येईपर्यंत आई झोपत नाही. सकाळी दोघेही कामाला लागतात आणि रात्रीबद्दल कोणी बोलत नाही.

शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. विजेच्या खात्याची म्हणून आपण ती वाचतो. आमच्या भागात ती जीव वाचवणारी योजना आहे. दिवसा वीज मिळालेला प्रत्येक फीडर म्हणजे रात्री घरात झोपणारी शे-दोनशे माणसे.

घरातल्या बंधनांचा भार मात्र सारखा वाटला जात नाही. बहीण अकरावीत गेली तेव्हा तिचा क्लास संध्याकाळी साडेसहाला सुटायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस. एकदा शेजाऱ्यांच्या पोराला त्या रस्त्यावर बिबट्या आडवा गेला आणि अण्णांनी क्लास बंद केला. ती चिडली, रडली, मग म्हणाली, ‘अण्णा, रात्री पाणी भरायला तुम्ही जाता, तुम्हाला कोणी कोंडत नाही. मलाच का?’ आजी तिच्या बाजूने उभी राहिली, हे आम्हाला कोणालाच अपेक्षित नव्हते. शेवटी चार वस्त्यांनी मिळून एक गाडी ठरवली. महिन्याचा खर्च वाढला, क्लास सुरू राहिला. ज्या घरांना गाडी परवडली नाही त्यांच्या मुली बारावीनंतर दिसेनाशा झाल्या. त्यांची नोंद हल्ल्यांच्या यादीत होत नाही.

सोयरिकीतही हे आले आहे. शेती किती, पाणी किती, याच्या जोडीला आता मुलीकडचे विचारतात, ‘घर गावठाणात आहे का रानात?’ आमचे रानात आहे.

ज्यांना दार नाही

आमच्या घराला निदान दार आहे. दिवाळीनंतर कारखान्याचे पट्टे पडले की बीड, पाथर्डीकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. फडाशेजारी त्यांच्या कोप्या उभ्या राहतात: पाचट, ताडपत्री, आणि दाराच्या जागी एखादे लुगडे. पहाटे आईबाप फडात जातात तेव्हा तान्ही मुले उसाच्या कडेला झोळीत असतात. तोडणीत आडोसा संपत जातो तसा आतला बिबट्या कडेला सरकत येतो. त्याच सुमारास धनगरांचे वाडे रानात उतरतात. मेंढरांना रात्री वाघर, म्हणजे जाळी, लावलेली असते. माणसे मात्र जाळीबाहेर उघड्यावर झोपतात.

आमच्या ग्रामसभेत पिंजऱ्यावर तासभर चर्चा होते. कोप्यांसाठी गावाजवळची उजेडाची जागा, मुलांसाठी फडापासून लांब बंदिस्त खोली, शौचालय यांवर पाच मिनिटेही होत नाही. ती माणसे मतदार नसतात, हे त्याचे कारण असावे. खरे तर हेच उपाय सर्वांत स्वस्त आहेत. त्यांच्याबरोबर बंदिस्त गोठे, मेलेल्या कोंबड्या पुरण्याची सक्ती आणि कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवणे.

मधल्या काळात मोबाइलने आणखी एक बिबट्या आणला. कुठल्या तरी राज्यातला जुना व्हिडिओ ‘आपल्या नारायणगावात आत्ता’ म्हणून फिरतो. हल्ली तर संगणकाने बनवलेली चित्रेही येतात. एका संध्याकाळी अशाच चित्रावरून आमच्या वाडीतली पोरे काठ्या घेऊन उसात शिरली होती. घेरलेला बिबट्या सर्वांत घातक असतो. त्या दिवशी उसात तो नव्हता, हे सगळ्यांचेच नशीब.

वाघबारस

आजीच्या माहेरी वसुबारसेला वाघबारस म्हणायचे. सह्याद्रीच्या कुशीतल्या महादेव कोळी गावांत अजूनही वाघोबाच्या दगडाला त्या दिवशी शेंदूर लावतात, रानात दुधाची खीर शिजवतात आणि गुराखी पोरे वाघ बनून खेळतात. मी आजीला विचारले, ‘वाघ तुमची गुरं न्यायचा, तरी त्याची पूजा?’ ती म्हणाली, ‘नेला तर शिव्या बी घालायचो की. पण तो जायचा न्हाई हे ठाऊक व्हतं. मग सांगून ठिवायचं, तू तुझ्या वाटंनं, आम्ही आमच्या.’

पूजेने बिबट्या आवरत नाही, हे आजीलाही कळते. तिच्या गावाने वाटा ठरवल्या होत्या, गुरे कधी परतायची ते ठरवले होते. आमच्या उसाला ती घडी अजून बसलेली नाही, आणि ती बसवणे बिबट्याच्या हातात नाही.

यंदा वसुबारसेला आई गाय-वासराला ओवाळील. नंतर आजी नेहमीप्रमाणे बांधाकडे तोंड करून एक पणती ठेवील. बहीण गाडीतून उतरली की मी फाटकाची कडी लावीन. अण्णांची त्या आठवड्यात रात्रपाळी आहे.