विहिरींची वर्तुळं

पहाटे 5.30

एप्रिलात आमच्या हट्ट्यात शिवार फिरायचं तर ऊन चढायच्या आत. पिशवीत टेप, हातभर लांब लोखंडी सळई, पाण्याची बाटली. मोबाईलवर क्यूफील्ड हे नकाशाचं ॲप आणि त्यात रात्री तयार केलेला नकाशा. हे काम मला कुणी दिलेलं नाही. पोटासाठी मी दुसऱ्यांच्या जिल्ह्यांचे नकाशे करतो. सुट्टीला आलो की गावाचा. कचऱ्याच्या कायमच्या जागेचा विषय ग्रामसभेत कधीतरी निघेलच. तेव्हा नुसतं हात करून ‘तिकडं टाका’ म्हणण्यापेक्षा कागद पुढे ठेवता यावा, एवढंच.

6.15

संगणकाने रात्री गडद हिरवा दाखवलेला तुकडा. हिरवा म्हणजे उत्तम. खोल काळी जमीन पाणी धरते, म्हणून माझ्याच तक्त्यात तिला चांगले गुण होते. इथे उभा राहिलो तर पायाखाली हात जाईल एवढ्या भेगा. एकीत सळई सोडली. कोपरापर्यंत हात आत गेला तरी टोक टेकेना.

मार्च 2026 पर्यंत लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे कचऱ्याच्या खड्ड्याच्या तळाला 90 सेंटीमीटर चिकणमातीचा थर लागायचा आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पत्रा. आपली काळी माती ओली असते तोवर या कामाला चांगली. उन्हाळ्यात ती फाटते आणि मृगाचा पहिला पाऊस कचऱ्याचं काळं पाणी घेऊन सरळ खाली उतरतो. खाली मुरूम, त्याखाली खडक. त्या खडकाच्या सांध्यांतूनच आमच्या विहिरींना पाणी येतं.

शेजारच्या धुऱ्यावरून एक काका बघत होते. “काय रं, भूकंपाची भेग मोजायलास का?”

थट्टा नव्हती. आमच्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडे जमिनीतून आवाज येतात, आणि 10 जुलै 2024 च्या सकाळी 4.5 तीव्रतेचा धक्का बसल्यापासून भेग म्हटली की लोकांना आधी तेच आठवतं.

7.30

काकांच्या विहिरीवर चहा. पलीकडे शिजवलेली हळद वाळत पडलेली, वास डोक्यात बसणारा. ही विहीर माझ्या नकाशात नव्हती. उपग्रहाच्या चित्रात ती बाभळीखाली झाकली गेली होती.

“काका, ही ओलिताची का प्यायची?”

“आवं, हळद बी हिच्यावर अन् आमी बी हिच्यावर. नळाला पाणी आलं तर तिकडून, न्हाई तर हितून.”

दिवसभर हेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

11.00

घरी, पंख्याखाली. त्याच नियमांतली अंतरं अशी होती: नदीपासून 100 मीटर, तळं, महामार्ग, वस्ती आणि पाणीपुरवठ्याची विहीर यांच्यापासून 200, विमानतळापासून 20 किलोमीटर. शेवटच्याची चिंता नाही, नांदेडचा विमानतळ बराच लांब. बाकी प्रत्येकाभोवती वर्तुळं-पट्टे आखायचे, ते वगळायचे आणि उरेल ती जागा तपासायची.

आखण्याआधी नकाशा अंशांतून मीटरमध्ये आणावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी यूटीएमचा 43 वा पट्टा. शिकाऊ असताना मी हे विसरलो होतो आणि ओढ्याभोवती 200 मीटरऐवजी 200 अंशांचा पट्टा मागितला होता. पृथ्वीच उरली नव्हती.

उतारासाठी अमेरिकी अवकाशयानाने फेब्रुवारी 2000 मध्ये मोजलेली उंची वापरतो. तिचा एक चौकोन 30 मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांना उंचीचा एकच आकडा. बांध, चारी, पांदण त्याला दिसतच नाहीत. लाईट गेली, बॅटरी आहे तोवर चालू.

दुपारी 2.00

जेवण करून गुण वाटायला बसलो. थॉमस साटी या गणितज्ञाने 1970 च्या दशकात मांडलेली पद्धत: दोन-दोन गोष्टी समोरासमोर ठेवायच्या आणि कोण किती पट महत्त्वाची ते 1 ते 9 मध्ये सांगायचं. पाणी रस्त्यापेक्षा 5 पट की 7? उत्तरांत विसंगती फार असेल तर गणित ते पकडतं. पण सुसंगतपणे चुकलो असेन तर ते त्याला कळत नाही. सकाळी त्या भेगेत हात घातला नसता तर मी 5 लिहिलं असतं. 7 लिहिलं. काळ्या मातीचे गुणही कमी केले.

4.30

खरी अडचण विहिरींची. 200 मीटर त्रिज्येचं एक वर्तुळ साधारण 31 एकर खातं. फक्त नळयोजनेच्या विहिरी धरल्या तर हिरवे तुकडे तीन. शेतातल्या सगळ्या धरल्या तर गायरानाच्या कडेला एक चिंधी, तीही वाकडी. नियम ‘पाणीपुरवठ्याची विहीर’ म्हणायचा. काकांची विहीर त्यात बसते का, ते नियमात नव्हतं. बसते असं माझं मत. कार्यालयात बसून नकाशा करणारा ती सहज सोडून देईल, आणि त्याचा कागद माझ्यापेक्षा देखणा दिसेल.

गायरानाचंही सोपं नाही. गावाच्या सामायिक जमिनींवर सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा कडक निकाल आहे. तलाठी आप्पांना (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी, पण हाक तीच) गट नंबर विचारायचा राहिलाय. पण घाई नको. औरंगाबादचा कचरा जिथे पडायचा त्या नारेगावच्या लोकांनी फेब्रुवारी 2018 मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहर कचरा कुठे टाकायचा म्हणून दारोदार फिरलं, आणि मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक झाली.

सायंकाळी 7.15

काकांचा फोन. “एक सांगायचं ऱ्हायलं. वाड्यामागं जुना आड हाय, बुजलेला. उन्हाळा लई कडक झाला की गाळ काढून पाणी काढतेत.”

विहिरींच्या तक्त्यात मी ‘प्रकार’ असा रकाना केला होता: प्यायची, ओलिताची. तो पुसला. नवा केला: ‘कोणत्या महिन्यात पितात’. आडासमोर लिहिलं, मे. काकांच्या विहिरीसमोर काय लिहायचं ते उद्या त्यांनाच विचारेन.