सणासुदी, आग्रह आणि वजनाचा काटा

‘एकदा सण आटोपले की वजनाकडे पाहू,’ हे वाक्य बहुतेक घरांत दर वर्षी उच्चारले जाते. सण मात्र आटोपत नाहीत. आषाढातील अष्टान्हिका, रक्षाबंधन, पर्युषण व दशलक्षण पर्व, क्षमावाणी, दसरा, वीरनिर्वाणाची दिवाळी, मग लग्नसराई, संक्रांत, महावीर जयंती, अक्षय तृतीयेची पारणी आणि त्यामागोमाग आमरसाची सुट्टी. यांतील कित्येक दिवस त्यागाचे आहेत हे खरे. परंतु उपवासाच्या शेवटी पारणे असते, आणि पारण्याला पंगत असते. अशा वर्षात ‘मोकळा महिना’ शोधून वजन कमी करण्याचा बेत आखणाऱ्याला तो महिना सापडत नाही. बेत सणांसकट चालेल असाच असावा लागतो.

गुडघेदुखी, वाढलेली साखर किंवा रक्तदाब यांमुळे वैद्यांनी ‘पाच-सहा किलो वजन उतरवा’ असे बजावलेली गृहिणी आज घरोघरी आहे. भारतीयांच्या बाबतीत बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त समजावे आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत असावा, असे तज्ज्ञांनी ठरवून दिले आहे. या मापाने पाहिले तर फारशा स्थूल न दिसणाऱ्या पुष्कळ व्यक्तीही सीमारेषेच्या पलीकडे आहेत. मग आहाराचा तक्ता येतो. सकाळी मध-लिंबू पाणी, दुपारी गाजर-बिटाची कोशिंबीर, चार वाजता मोड आलेली कडधान्ये, रात्री आठला भाज्यांचे सूप. मध वर्ज्य, गाजर-बीट कंदमुळे, मोड आलेले धान्य अनेक घरांत चालत नाही, आणि आठ वाजता तर चूल थंड झालेली असते. आठव्या दिवशी तक्ता कपाटात जातो व दोष तिच्या निश्चयाला दिला जातो. तो तक्ता मुळात दुसऱ्याच स्वयंपाकघरासाठी लिहिलेला होता, हे कोणी म्हणत नाही.

जैन स्वयंपाकघराची अडचण वेगळी आहे. चातुर्मासात पालेभाजी बंद, अष्टमी-चतुर्दशीला अनेकांकडे हिरवी भाजीही बंद. ताटातील ती जागा रिकामी राहत नाही. तिथे आणखी एक पोळी, तळलेला पापड, शेव किंवा तेल सुटलेले पिठले येते. त्याग भाजीचा होतो आणि वाढ पिठाची व तेलाची. यावर उपाय घरातच आहे. अख्खे मूग, चवळी, कुळीथ मोड न आणता भिजवून शिजवलेली उसळ आणि घट्ट वरण ताटात वाढवावे, पोळी-भात तेवढा कमी करावा. इतर दिवशी दुधी, दोडका, पडवळ, काकडी भरपूर घ्यावी. डाळी-कडधान्यांतील प्रथिने आणि तंतू पोट अधिक काळ भरलेले ठेवतात, त्यामुळे दुपारच्या चहाबरोबर फराळाच्या डब्याकडे हात जाण्याचे प्रमाण घटते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची रीत वजनाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. पण चारला चिवडा आणि सहाला घाईघाईने भरपेट जेवण, असे झाले की ती सोय वाया जाते.

उपवासाने वजन उतरते, हा एक गोड गैरसमज आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत काटा एक-दोन किलो खाली येतो, तो बहुतांशी शरीरात साठवलेल्या शर्करेबरोबर निघून गेलेल्या पाण्यामुळे. पारण्यानंतर ते पाणी परत येते. तपाचा हेतू कर्मनिर्जरा हा आहे; त्याच्याकडून कमरेच्या घेराची अपेक्षा करणे तपालाही न्याय देत नाही आणि शरीरालाही. दीर्घ उपवासाचे पारणे मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या पदार्थाने, थोडे थोडे करण्याची जुनी चाल शहाणपणाची आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर पर्वाआधीच डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी. औषध तेच आणि अन्न नाही, या स्थितीत साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

वजन वाढते ते नेमके केव्हा? अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या संशोधकांनी १९५ प्रौढांचे वजन सणांच्या आधी व नंतर पाहिले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नोव्हेंबर-मध्यापासून जानेवारीपर्यंतची सरासरी वाढ अवघी ३७० ग्रॅम निघाली. लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज याहून पुष्कळ जास्त होता. दिलासा वाटावा असाच हा आकडा. पण पुढच्या वसंतात आणि उन्हाळ्यात ती वाढ उतरली नाही, हा त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष. असे दर वर्षी घडत राहिले तर दहा-अकरा वर्षांत चार किलो होतात.

हेच गणित आपल्या डब्यावर मांडता येते. साजूक तुपातील चाळीस ग्रॅमचा एक बेसन लाडू साधारण १९० ते २०० कॅलरींचा. ३७० ग्रॅम चरबी साठायला रोजच्या गरजेपेक्षा सुमारे २,८०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे चौदा-पंधरा लाडू. निर्वाणलाडूच्या दिवशी कोणी पंधरा लाडू खात नाही. ते संपतात भाऊबीजेनंतरच्या पंधरवड्यात, चहाबरोबर एकेक करून, ‘उरलेत तर संपवून टाकू’ या हिशेबाने. अर्ध्या तासाच्या चालण्याने यातील एक लाडूही पुरता खर्च होत नाही. म्हणून सणाचे ताट सुखाने जेवावे आणि फराळ मात्र मुळातच अर्ध्या मापाने करावा, हे सणाच्या दिवशी मन मारून पुढे महिनाभर डबा उघडत राहण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

घरात उरलेले अन्न बहुधा एकाच व्यक्तीच्या पोटात जाते. अन्न टाकू नये, ताटात उष्टे राहू नये हा संस्कार मोलाचा. पण मुलांच्या ताटातील अर्धी पुरणपोळी आणि पातेल्यातील शेवटची वाटी ती संपवते, आणि तळणीच्या वेळी मीठ पाहण्यासाठी खाल्लेल्या चार चकल्या कोणाच्याच हिशेबात नसतात. इथे निश्चय तिचा एकटीचा पुरत नाही. आधी कमी वाढावे, लागल्यास पुन्हा घ्यावे, ही शिस्त सगळ्या घराने पाळली तरच तिचा बेत टिकतो.

आणि आग्रह! ‘डाएट चालू आहे’ असे पंगतीत म्हटले की थट्टा होते व पानात जिलेबी पडते. त्याच पंगतीत कोणी ‘आज माझा गोडाचा त्याग आहे’ म्हणाले, की वाढणारी हात जोडून पुढे जाते. खोटा नियम सांगण्यापेक्षा खरा घ्यावा. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बाह्य तपांत अनशनाच्या लगेच पुढे अवमौदर्य, म्हणजे ऊनोदरी, येते. पुरुषाला बत्तीस व स्त्रीला अठ्ठावीस घास हा पूर्ण आहार मानून त्याहून कमी जेवणे, असे तिचे माप शास्त्रकारांनी दिले आहे. रसपरित्यागात दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांपैकी काही ठरावीक काळासाठी सोडता येते. तपाच्या भावनेने घेतलेल्या अशा नियमाचा शरीराला लाभ झाला, तर तो स्वीकारायला हरकत नसावी. पंगतीतील सासूबाईंनाही ‘नको’पेक्षा ‘नियम आहे’ हे उत्तर अधिक समजते.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाने २७२ लोकांवर केलेला प्रयोग २०१८ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. नाताळच्या काळात एका गटाला आठवड्यातून किमान दोनदा वजन करून नोंदवायला सांगितले, खाण्यापिण्याबाबत दहा साध्या सूचना दिल्या आणि अमुक पदार्थ खर्च करायला किती चालावे लागेल ते दाखवले. दुसऱ्या गटाला निरोगी राहणीविषयीचे एक पत्रक तेवढे दिले. अखेरीस दोन्ही गटांत जवळपास अर्ध्या किलोचा फरक पडला. दिनदर्शिकेवरच सोमवार-गुरुवारी पूजेआधी वजन लिहिण्याला काही खर्च येत नाही.

भाद्रपद ते कार्तिक या काळात वजन उतरवण्याचा हट्टही धरू नये. वाढले नाही, एवढे पुरे. उतरवण्याचे काम आमंत्रणे नसलेल्या साध्या आठवड्यांवर सोपवावे. लग्नसराईतही आठवड्यातील पाच दिवस जेवण घरचेच असते.