बिट्टीचं बी आणि वंशाचा प्रश्न

वरवे बुद्रुकसारख्या गावांत कुंपणाला पिवळी बिट्टी दिसते. तिच्या बियांतलं विष हृदयपेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं. रक्तात पोटॅशियम वाढतं, ठोके मंदावतात, चुकतात. हृदयाचा ताल औषधांनीही बिघडतो: सिटॅलोप्रॅमसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या जास्त पोटात गेल्या, तर पेशींतून पोटॅशियम बाहेर पडायची वाट अडते आणि ईसीजीतलं ‘क्यूटी’ अंतर, म्हणजे ठोक्याची विद्युत हालचाल पूर्ण व्हायला लागणारा वेळ, लांबतं.

इथे वंशाचा प्रश्न येतो: कोणाचा ताल लवकर बिघडेल, हे वंशावरून कळतं का? आफ्रिकी वंशाच्या सुमारे १३ टक्के अमेरिकनांत एससीएन५ए जनुकाचा एक प्रकार आढळतो; २००२ मध्ये त्याचा ठोक्यांच्या बिघाडाशी संबंध दिसला. म्हणजे शंभरातल्या ८७ जणांत तो नाहीच! मग वंश विचारत बसण्यापेक्षा ईसीजी काढलेला बरा. बिट्टी खाल्लेला माणूस ठीक दिसला तरी त्याला घरी पाठवू नये; ताल काही तासांनंतरही बिघडतो.