पाय अडकवा, पण अडकू नका!

जुलै महिना. पुण्यातला नळ स्टॉपचा सिग्नल, सकाळची पावणेनऊची गर्दी आणि वर पाऊस. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला, डावा पाय खाली टेकवायला गेले आणि... पाय आलाच नाही! सायकलसकट मी रस्त्यावर आडवी. मागच्या रिक्षावाल्याने वेळेत ब्रेक मारला, म्हणून निव्वळ खरचटण्यावर निभावलं. कारण काय, तर सँडलचं बक्कल टो-क्लिपच्या पट्ट्यात अडकलं होतं.

टो-क्लिप म्हणजे पायडलच्या पुढे बसवलेला पिंजरा आणि त्यातून ओवलेला पट्टा. पाय घसरू नये म्हणून केलेली सोय. रेसवाल्यांनी कित्येक दशकं हीच वापरली. मग १९८४ मध्ये 'लुक' या फ्रेंच कंपनीने बुटाच्या तळाला खटकन बसणारं पायडल आणलं, १९८५ ला बर्नार्ड इनोने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि रेसमधली पट्ट्यांची सद्दी संपत गेली. गंमत म्हणजे पाय पक्का धरणाऱ्या त्या पायडलला 'क्लिपलेस' म्हणतात. का? तर त्याला टो-क्लिप नसते!

पण तसले बूट घालून ऑफिसात टकटक करत कोण फिरणार? आणि पावसाळ्यात बूट कुठलेही घाला, दिवसभर ओल्या मोज्यांचा वास ठरलेला. त्यापेक्षा आपले फ्लोटर्स बरे. पण क्लिप बनलीय बुटासाठी. उघडी बोटं तिच्यावर घासतात, पट्टा पावलाला काचतो, आणि बक्कलचं तर सांगितलंच.

सायकल घेऊन गेले पेठेतल्या सायकलवाल्या काकांकडे. त्यांनी एक नजर टाकली. "अगं, पट्टा काढून टाक आधी! तुला काय घाट चढायचाय?" (चढायचाय खरं तर, सिंहगडचा. पण गप्प बसले.)

पट्टा गेला. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या क्लिपचा वरचा, पट्टा ओवायचा भाग हॅक्सॉने कापला, कडा कानशीने घासल्या आणि वरून जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. उरली फक्त पुढची वाटी. तरी बोटं टेकत होती, म्हणून क्लिप आणि पायडलच्या मध्ये दोन-दोन वायसर टाकून ती थोडी पुढे सरकवली. त्यासाठी बोल्ट जरा लांब लागले. अंगठ्यामागचा उंचवटा पायडलच्या दांड्यावर आला आणि बोटं वाटीला जेमतेम लागली, की माप जमलं. (घरी करणार असाल आणि पायडल काढावं लागलं, तर लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. मी एकदा तासभर झटलेय!)

पट्टा नाही म्हणजे ताकद गेली का? पाय वर ओढून स्पीड मिळतो, असं सांगणारे खूप भेटतील. रोजच्या ऑफिसच्या वाटेवर कोण पाय ओढत बसतं हो? आपल्याला हवाय तो पावसात न घसरणारा पाय, आणि तो मिळतो.

सँडल मात्र मागे पट्टा असलेलीच हवी. स्लिपर, कोल्हापुरी साफ बाद, पाय मागे घेताना चप्पल क्लिपमध्येच राहते! वेलक्रोची लोंबती टोकं आत खोचा. आणि पहिला दिवस रस्त्यावर नको, सोसायटीच्या पार्किंगमध्येच घालवा. पाय सरळ मागे ओढायचा, बाजूला नाही. हे अंगवळणी पडायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

एक कटकट उरतेच. पाय काढला, की वजनाने क्लिप खाली लोंबते. सिग्नल सुटला, की अंगठ्याने पायडल उलटवून पाय आत सारायचा, तोवर मागचे हॉर्न सुरू! मी सरळ उलट्या पायडलवरच पाय ठेवून चौक पार करते, क्लिपचं पुढे बघू. ट्यूबची पट्टी चिखलाने सुटते अधूनमधून. जुनी ट्यूब काका फुकट देतात.