मेलमधला तक्ता बाहेर काढताना
(लेखांक ७)

मागच्या आठवड्यात मेलचे हेडर वाचायला शिकलो. आज त्याच्या खाली उतरू. काळेवाडीत राहून भोसरीत किंवा चाकणला जॉबवर्कचा छोटा धंदा करणाऱ्यांना हा भाग जास्त लागतो. मोठ्या कंपनीचे महिन्याचे शेड्यूल, रिजेक्शनची यादी, बदललेले दर यांची पुष्कळदा वेगळी फाइल येत नाही. तक्ता मेलच्या मजकुरातच असतो. तो एचटीएमएलमध्ये लिहिलेला असतो. आपल्याकडे तो जपायचा म्हणजे स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा! त्यातून आकडे कॉपी होत नाहीत आणि लांब तक्त्याचा शेवट कापला जातो.

मूळची ईमेल साध्या इंग्रजी अक्षरांपुरतीच होती. १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ ही पद्धत मांडली. तेव्हापासून मेल म्हणजे एक कागद न राहता कागदांची थप्पी झाली: एक प्रत साध्या मजकुराची, दुसरी तीच एचटीएमएलमध्ये, शिवाय चित्रे आणि जोडपत्रे. समोर दिसते ती बहुधा दुसरी प्रत.

ही थप्पी पाठवताना सांकेतिक रूपात बांधतात. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ तीन बाइटचा. ‘कोटेड-प्रिंटेबल’ पद्धतीत प्रत्येक बाइटसाठी बरोबरचे चिन्ह आणि दोन अक्षरे, म्हणजे एका ‘क’ साठी नऊ जागा. ‘बेस-६४’ मध्ये तीन बाइटचे चार होतात. मेलची फाइल नोटपॅडमध्ये उघडून नुसते कॉपी-पेस्ट केले तर कचराच हाती येतो, तो यामुळे.

आता कृती. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांवर ‘डाउनलोड मेसेज’ आहे. तिथून ‘ईएमएल’ फाइल उतरते. ती थंडरबर्डमध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना एचटीएमएल प्रकार निवडता येतो. शेकडो मेल असतील तर पायथनमध्ये ‘ईमेल’ नावाचे मॉड्यूल आयते मिळते. ते थप्पी सोडवते, सांकेतिक रूप उलगडते आणि एचटीएमएलचा भाग वेगळा काढून देते.

घोळ होतो तो इथे. अक्षरसंच कोणता, हे अनेकदा एचटीएमएलमध्ये नसून त्या भागाच्या हेडरमध्ये लिहिलेले असते. भाग वेगळा काढला की ती माहिती मागेच राहते आणि ब्राउझरमध्ये मराठीची खिचडी दिसते. म्हणून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि फाइलच्या डोक्यावर तसे नोंदवा. चित्रांचेही तसेच. मेलमध्ये डकवलेले ड्रॉइंग थप्पीतल्या दुसऱ्या भागात असते, एचटीएमएलमध्ये फक्त त्याचा ‘सीआयडी’ हवाला असतो. ते चित्र वेगळे सेव्ह करून हवाला बदलावा लागतो. काही चित्रे तर मेलमध्ये येतच नाहीत, पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतात. त्यांनी ती काढली की आपल्याकडे रिकामी चौकट.

काढलेले एचटीएमएल एक्सेलमध्ये उघडून काम करायला उत्तम. भांडणात मात्र मूळ ईएमएलच लागते, कारण कोणी, कधी पाठवले हे हेडरमध्ये आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि मालाबद्दल लेखी हरकत घ्यायला खरेदीदाराला १५ दिवस असतात. रिजेक्शनचा मेल सोळाव्या दिवशी आला की चौदाव्या, यावर पैशांचा हिशोब फिरतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात फाइलची हॅश किंमतही लिहायची असते. विंडोजमध्ये ती ‘सर्टयुटिल’ आज्ञेने निघते. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी हॅश पार वेगळी येते. त्यामुळे मूळ फाइलीला हात लावू नका, कारागिरी काय ती प्रतीवर करा.

पुढच्या आठवड्यात जोडपत्रे. तोवर या महिन्याचे शेड्यूल ईएमएल म्हणून उतरवून एका पेनड्राइव्हवर ठेवाच.