फ्लॅट घेताय? आधी पाण्याची वाट शोधा

हैदराबादचा वळीव आपल्याला नवा नाही. चार वाजता रणरणतं ऊन, सहाला गडगडाट आणि आठच्या आत सेलरमधल्या गाड्या पाण्यात. दर वेळी आपण "नाले तुंबले" म्हणून मोकळे होतो. ते खरं आहे, पण अर्धंच.

१९०८ साली मुसी नदीला महापूर आला. पुढे विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून उस्मान सागर (१९२०) आणि हिमायत सागर (१९२७) बांधले गेले आणि नदीला लगाम बसला. उपनगरांतलं पाणी मात्र बहुतेक वेळा नदीचं नसतं, तलावांचं असतं. १३ ऑक्टोबर २०२० ला घटकेसरकडे एका दिवसात सुमारे ३२ सेंटिमीटर पाऊस पडला. चारच दिवसांनी पुन्हा मुसळधार पाऊस झाला, बालापूरच्या गुर्रम चेरुवूचा बांध फुटला आणि खालच्या वस्त्या बुडाल्या.

या पठारावर जुन्या लोकांनी तलावांची साखळी बांधली होती. एक भरला की सांडव्यावरून पाणी नाल्याने पुढच्या तलावात जायचं. आपण तलावांत घरं बांधली, नाले अरुंद केले; उतार मात्र तोच राहिला.

हिशेब करून पाहा. एक एकराच्या सोसायटीवर १० सेंटिमीटर पाऊस पडला, तर पाणी होतं सुमारे ४ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ४० टँकर! मे महिन्यात हेच पाणी आपण विकत घेतो.

सध्या आम्ही दोघं फ्लॅट बघतो आहोत. एजंट "लेक व्ह्यू" म्हणाला की मी आधी एचएमडीएच्या संकेतस्थळावर तलावाचा नकाशा उघडतो. एफटीएल, म्हणजे पूर्ण भरलेल्या तलावाची हद्द, कुठे येते ते बघतो. मग वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारतो, "२०२० मध्ये इथे पाणी कुठवर होतं?" ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

वस्तीचं नावही बरंच सांगतं. चेरुवू म्हणजे तलाव, कुंटा म्हणजे तळं, कट्टा म्हणजे बांध. मासाब टँकला आज तलाव शोधूनही सापडत नाही, नाव तेवढं उरलंय.

आयुष्यभराची कमाई आणि वीस वर्षांचे हप्ते ज्या घरात घालायचे, त्यासाठी एवढी चौकशी जास्त नाही. आणि आधीच घर घेतलं असेल, तर पुढच्या मीटिंगमध्ये पावसाचं पाणी जिरवायच्या खड्ड्यांचा विषय काढा. चाळीसपैकी दहा टँकर जरी जमिनीत मुरले, तरी खालच्या गल्लीतल्या लोकांना तेवढा दिलासा.