बचत गटाचा हिशेब: ‘जर’ लावून बेरीज, ‘जर’ लावून मोजणी

बचत गटाच्या पंचसूत्रीत हिशेब लेखनाला जागा आहे, ती उगाच नाही. हिशेब चोख, तर गटात विश्वास. आता आपल्यापैकी बऱ्याच जणी वहीसोबत एक्सेल किंवा गूगल शीट्समध्येही नोंदी ठेवतो. पण बेरजेची वेळ आली की पुन्हा कॅल्क्युलेटर शोधतो. आज त्याबद्दल बोलू.

समजा, आपल्या पत्रकात पाच रकाने आहेत. ए मध्ये तारीख, बी मध्ये सदस्य क्रमांक, सी मध्ये नाव, डी मध्ये प्रकार, म्हणजे बचत, परतफेड, व्याज की दंड, आणि ई मध्ये रक्कम. प्रत्येक जमा रकमेची एक ओळ.

वर्षभरात दंड किती जमला? बाजूच्या जी रकान्यातल्या एका रिकाम्या घरात बरोबरचं चिन्ह लिहा. पुढे इंग्रजीत सलग एस-यू-एम-आय-एफ. हे झालं सम-इफ, म्हणजे ‘जर असेल तर बेरीज’. मग कंसात स्वल्पविराम देत तीन गोष्टी: कुठे शोधायचं, काय शोधायचं, कशाची बेरीज करायची. आपल्यासाठी डी कोलन डी, मग दुहेरी अवतरणचिन्हांत दंड, मग ई कोलन ई. कंस बंद केला की एकूण दंड समोर.

रक्कम नको, दंड किती वेळा घेतला एवढंच हवं असेल, तर काउंट-इफ. त्याला दोनच गोष्टी लागतात: कुठे मोजायचं आणि काय मोजायचं.

आता ४ क्रमांकाच्या ताईंची फक्त बचत हवी आहे. इथे अटी दोन, म्हणून नावाच्या शेवटी आणखी एक एस लावायचा: सम-इफ्स. यात क्रम बदलतो, तेवढं लक्षात ठेवा. बेरजेचा रकाना आधी, मग अटींच्या जोड्या: ई रकाना, बी रकाना आणि ४, डी रकाना आणि ‘बचत’. तसंच काउंट-इफ्सने त्यांनी किती हप्ते भरले ते कळतं. त्यात रकमेचा रकाना नसतो, फक्त अटींच्या जोड्या.

इथवर सोपं आहे. जपायचं ते पुढे. सूत्र माणसं ओळखत नाही, अक्षरं जुळवतं. समजा, मंगलताईंनी महिन्याला २०० प्रमाणे १२ हप्ते भरले. पण नोंद करताना ९ वेळा ‘मंगल’ आणि ३ वेळा ‘मंगला’ लिहिलं गेलं. ‘मंगल’ नावाने बेरीज केली की २,४०० ऐवजी १,८०० दिसतील. चूक झाल्याची कुठलीही खूण दिसणार नाही. कर्ज मागायला आलेल्या मंगलताई मात्र सगळ्यांसमोर थकबाकीदार ठरतील. म्हणून अट नावावर नको, सदस्य क्रमांकावर लावा.

‘बचत’ या शब्दापुढे चुकून मोकळी जागा पडली, तरीही शब्द जुळत नाही. रकमेच्या घरात ‘२००/-’ लिहिलं, तर पत्रक त्याला आकडा मानत नाही आणि बेरजेतून गुपचूप वगळतं. तिथे इंग्रजी अंकांत नुसता आकडा लिहायचा.

यावर पडताळा एकच. सगळ्या सदस्यांची वेगवेगळी काढलेली बचत एकत्र करा. ती ‘बचत’ या प्रकाराच्या एकूण बेरजेइतकी आली पाहिजे. मग चारही प्रकारांची बेरीज ई रकान्याच्या एकूण बेरजेशी जुळवा. शेवटी तो आकडा गटाच्या वहीशी ताडून पाहा. १० जणींच्या गटाची वर्षाची बचत २४,००० हवी आणि २३,८०० आली, तर एक हप्ता राहिला आहे किंवा एक नोंद चुकली आहे. आधी नोंद शोधायची, मग ताईंना विचारायचं.

पुढच्या बैठकीआधी एवढं करून बघा: फक्त मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी भरा, प्रत्येकीची बेरीज काढा आणि बैठकीत ती मोठ्याने वाचून दाखवा. जिची बचत, तिने आकडा ऐकून ‘बरोबर’ म्हटलं की आपला हिशेब पुरा.